ओले बोंबील, बारीक रवा आणि पाच चमचे तेल

हॉटेलात मिळणारा कुरकुरीत बोंबील बहुतेक वेळा कढईत, तेलात बुडवून तळलेला असतो. मला तो घरी हवा होता, तव्यावर. आम्ही घरात तीन माणसं. तेवढ्यांसाठी कढईभर तेल तापवायचं आणि मग मासळीचा वास लागलेल्या त्या उरल्या तेलाचं काय करायचं, या विचारात आठवडा काढायचा, हे मला कधी पटलं नाही. माझ्या माहेरी सगळे मासे तव्यावरच व्हायचे. सुरमई, हलवा, बांगडा, क्वचित कधी पापलेट. मीठ-मसाला लावायचा, रव्यात घोळवायचं आणि बिडाच्या तव्यावर सोडायचं. या माशांसाठी फार काही शिकावं लागत नाही. बोंबील मात्र निराळा. तो तव्यावर नीट जमेपर्यंत मी त्याचा पिच्छा सोडला नाही, आणि त्या नादात बाकीचे मासेही आधीपेक्षा चांगले व्हायला लागले.

बोंबलाच्या मांसात पाणीच ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असतं. सुरमई किंवा बांगड्यात ते ७० ते ७५ टक्के. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण तव्यावर तोच सगळं ठरवतो. माशाच्या अंगावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. रव्याला सोनेरी रंग आणि खमंग वास येण्यासाठी त्याच्या बरंच वर, साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. कढईत तेलाचा मोठा साठा असतो, त्यात उष्णताही भरपूर असते. ओला मासा पडला तरी ते तेल फार निवत नाही, पाणी झपाट्याने उडून जातं. तव्यावरच्या चार-पाच चमचे तेलाकडे एवढी शिल्लक नसते. ओला बोंबील त्यात ठेवला की तेल गार पडतं, मासा स्वतःच्याच वाफेत शिजतो, रवा ते पाणी पिऊन फुगतो आणि उलटायला गेलं की रव्याची साल तव्यावर आणि मासा उलथण्यावर. म्हणून जे काही करायचं ते मासा तव्यावर जाण्याआधी करायचं. पाणी आधीच काढायचं.

खरेदीपासूनच याची सुरुवात होते. आम्ही ठाण्यात राहतो. बाजारात माझी एक ठरलेली मावशी आहे, तिचा माल भाईंदरजवळच्या उत्तनकडून येतो. बोंबील उचलताना मी तीन गोष्टी बघते. अंग गुलाबीसर आणि थोडं आरपार दिसणारं हवं. जुना झाला की तो पांढुरका, मळकट होतो. मधे धरून उचलला की लोंबणारच, ती त्याची जात आहे, पण बोटाने दाबल्यावर मांस फाटता कामा नये. आणि वास समुद्राचा हवा, कुजका नको. आकार मध्यम, वीतभर. फार मोठा घेतला तर पाणी जास्त आणि मधला काटाही जाड. अगदी लहान घेतला तर दाबल्यावर हातात काही उरत नाही.

वाटा पसंत केला की मावशी विचारते, “ताई, कालवनाला का तलायला?” हा प्रश्न तिने विचारला नाही तर आपण आपणहून सांगावं. कालवणाचे बोंबील ती दोन-तीन तुकडे करून देते, तळायचे मात्र अख्खे हवेत. डोकं, शेपटी आणि पर तिच्याकडून कापून घ्यायचे, पण पोटातून उभा चिरून उघडण्याचं काम मी घरीच करते. बाजारातून घरी येईपर्यंत पिशवीत बर्फाचं पाणी सुटतं, आणि चिरलेला बोंबील त्या पाण्यात पडून राहिला की आणखी मऊ होतो. अख्खा असला तर तग धरतो.

घरी आल्यावर तो चिरायच्या आधी धुवायचा, नळाच्या बारीक धारेखाली. पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. मग फळीवर ठेवून धारदार सुरीने पोटाकडून शेपटीपर्यंत उभी चीर द्यायची, पुस्तकासारखा उघडायचा आणि मधला काटा सुरीचं टोक खाली सारत अलगद उचलून काढायचा. बोंबलाचा काटा मऊ असतो, राहिला तरी खाताना टोचत नाही. तरी मी काढते, कारण काटा असला की मासा सपाट पडत नाही, आणि सपाट न पडलेल्या माशाची मधली पट्टी तव्याला टेकतच नाही.

आता दाबणं. हे मी अलिबागच्या आत्याकडे पाहिलं. ती चिरलेल्या बोंबलांना मीठ चोळायची, जुन्या धुतलेल्या सुती कपड्यात ओळीने मांडायची, वरून कपड्याची दुसरी घडी टाकायची आणि त्यावर सरळ पाटा ठेवून मागच्या दारी उतरत्या फरशीवर सोडून द्यायची. मी तिथे लसूण सोलत बसलेली असायचे आणि मसाल्याचं विचारायचे, तर ती म्हणायची, “अगं, आधी पाणी जाऊ दे त्याचं, मसाला कुठे पळून जातोय?” तेव्हा ती फक्त स्वयंपाकातली एक पायरी वाटायची. स्वतः करायला लागल्यावर कळलं की तळण्याचं निम्मं काम त्या पाट्याखालीच होतं.

आमच्या फ्लॅटमध्ये पाटाही नाही आणि मागचं दारही नाही. मी एक मोठं ताट घेते, त्याच्या एका कडेखाली वाटी सरकवून ते तिरकं करते, म्हणजे सुटलेलं पाणी एका बाजूला जमा होतं आणि मासा त्यात बसत नाही. ताटात सुती पंचा, त्यावर बोंबील, प्रत्येकावर चिमूट चिमूट मीठ, वरून पंच्याची घडी, वर दुसरं ताट आणि त्यावर पाण्याने अर्धा भरलेला कुकर. वजन दोन-तीन किलोच्या आसपास असावं. त्याहून जड ठेवलं तर मांस कडेने चिरडतं आणि पंच्याला चिकटून बसतं. अर्ध्या तासाने वरचा कुकर काढून पंचा पिळायचा किंवा बदलायचा आणि पुन्हा अर्धा तास. अर्धा किलो बोंबलांतून अर्ध्या वाटीच्या आसपास पाणी सहज निघतं. उन्हाळ्याच्या दिवसांत हे सगळं मी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात करते, मासळी तासभर ओट्यावर ठेवणं मला बरं वाटत नाही.

मिठाने पाणी ओढलं जातं हे खरं, पण मीठ हातचं राखूनच घालायचं. थोडं मीठ पाण्याबरोबर वाहून जातं, बाकीचं मांसात राहतं, आणि मासा आटल्यामुळे ते नंतर चवीला जास्त लागतं. दाबून झाल्यावर बोंबील निम्म्या जाडीचा झालेला असतो आणि हाताला चिकटसर, घट्ट लागतो. हा स्पर्श ओळखता आला की घड्याळ बघायची गरज उरत नाही.

मसाल्याबाबत माझं मत ठाम आहे. बोंबलाला हिरवं वाटण लावू नये. सुरमईला, हलव्याला कोथिंबीर-मिरची-आलं-लसणाचं वाटण झकास लागतं, त्या माशांचं मांस घट्ट असतं आणि ते थोडं पाणी सोसतं. बोंबलातून तासभर खपून काढलेलं पाणी वाटणातून परत आत घालायचं, याला अर्थ नाही. शिवाय लसणाचे कण रव्याच्या वर आले की रवा लाल होण्याआधी तेच जळतात आणि कडू लागतात. आत्याकडे फक्त हळद, घरचं तिखट आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, एवढंच असायचं. मी त्यात लसूण घालते, पण खलबत्त्यात ठेचून, पिळून फक्त त्याचा रस. आगळात मीठ असतंच, म्हणून वेगळं मीठ पुन्हा घालत नाही. आगळ नसेल तर लिंबाचे काही थेंब किंवा घट्ट चिंचेचा कोळ.

आंबटाचं काम चवीपुरतं नसतं. मासळीचा जो उग्र वास येतो तो मुख्यतः ट्रायमिथिलअमाइन नावाच्या द्रव्याचा. ते अल्कधर्मी असतं. कोकम, चिंच, लिंबू यांतल्या आम्लाशी त्याचा संयोग झाला की ते हवेत उडत नाही, म्हणून वास कमी जाणवतो. आपल्या किनाऱ्यावर मासे आणि आंबट यांची इतकी जुनी सोयरीक आहे त्यामागे हेही असणारच. पण आंबट लावून मासा फार वेळ ठेवायचा नाही. आम्लामुळे मांस आधी आकसतं आणि मग भुसभुशीत होतं. बोंबलाला पंधरा-वीस मिनिटं पुरे. तेवढ्यातही ताटात थोडं पाणी सुटतंच. ते ओतून द्यायचं आणि मासा रव्यात घालण्याआधी बोटांनी निपटून घ्यायचा.

रवा आणि पीठ यांच्या प्रमाणावर मी पुष्कळ दिवस घालवले, आणि त्यात मला खरोखर आनंद मिळाला. नुसता रवा लावला तर दाणे मोठे, त्यांच्यामध्ये फटी राहतात, फटींतून वाफ जोरात बाहेर येते आणि रवा सुटून तेलात पडतो. नुसतं तांदळाचं पीठ लावलं तर थर एकसारखा बसतो, छान कडक होतो, पण दाताखाली जो रवाळपणा हवा तो येत नाही. दोन्ही मिसळले की पीठ फटी बुजवतं आणि रवा दातांना काम देतो. सुरमईच्या तुकड्यांना मी दोन वाट्या रव्याला एक वाटी पीठ घेते. बोंबलाला दोन्ही समसमान, कारण तिथे फट राहून चालत नाही. रवा बारीकच हवा. जाड रव्याचे दाणे बाहेरून तांबूस होतात आणि आत कच्चे, कचकचीत राहतात. मिश्रणात थोडं तिखट आणि हळद घालावी, नाहीतर साल फिकी दिसते आणि फिकी लागते. काही घरांत चमचाभर बेसन घालतात. मी घालत नाही. बेसनाचा वास बोंबलाच्या नाजूक चवीवर कुरघोडी करतो.

रव्यात घोळवायचं ते तेल तापल्यावर, आधी नाही. मासे घोळवून ताटात मांडून ठेवले की रवा खालून पाणी ओढतो आणि दहा मिनिटांत त्याचा चिकट लेप होतो. मी तवा चढवते, तेल तापत ठेवते, आणि मग एकेक बोंबील रव्यात ठेवून वरून रवा घालते, तळव्याने हलका दाब देते, उचलून झटकते आणि सरळ तव्यावर सोडते. झटकायला विसरायचं नाही. सैल रवा तेलात उतरून काळा होतो आणि पुढच्या घाण्यातल्या माशांना ठिपक्यांसारखा चिकटतो.

ब्रेडच्या चुऱ्याचंही करून पाहिलं, कारण लेकीला तो फार आवडतो. लादीपाव कापून एक दिवस वाळवला, मिक्सरमधून भरड काढला आणि रीतसर आधी मैदा, मग फेटलेलं अंडं, मग चुरा असे तीन थर दिले. बोंबलाला हे मानवत नाही. पाव आधीच एकदा भाजलेला असतो, त्यात साखरही असते, त्यामुळे चुरा फार लवकर लाल होतो. बोंबलाला मात्र आतलं उरलंसुरलं पाणी घालवायला वेळ हवा असतो. वरून गडद आणि आतून लिबलिबीत असं ते होतं. हाच चुरा रावसाच्या बिनकाट्याच्या तुकड्यांवर उत्तम बसतो. तिथे मांस घट्ट, शिजायला काही मिनिटंच लागतात, आणि अंड्यामुळे चुरा धरून राहतो. तुकडे बोटाएवढ्या जाडीचे घ्यायचे, आच बोंबलापेक्षा कमी ठेवायची आणि तेल तुकड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत घ्यायचं. चुऱ्याला रव्यापेक्षा तेल जास्त लागतं, ते वाचवायला गेलं की कडेची पट्टी पांढरीच राहते. मैद्याचा थर कोरडा आणि पातळ हवा. तो जाड झाला तर अंडं वरच्या वर सरकतं आणि चाव्याबरोबर अख्खं कवच निघून येतं.

माझ्याकडचा बिडाचा तवा सासूबाईंचा आहे, वर्षानुवर्षं तेल पिऊन काळाभोर आणि गुळगुळीत झालेला. बिडाचं जड अंग उष्णता धरून ठेवतं, हा त्याचा मोठा गुण. कमी तेलाची उणीव तो तवा भरून काढतो. पण तो किंचित खोलगट आहे, सगळं तेल मधे जमतं आणि कडेचे मासे नुसते भाजतात. म्हणून बोंबील करायचे तेव्हा मी त्याच तऱ्हेचा जाड बुडाचा सपाट तवा वापरते. तो नसेल तर खोलगट तव्यावर मासे मधून कडेला, कडेहून मधे असे फिरवत राहावं लागतं, आणि बोंबील तेवढा हाताळलेला सोसत नाही.

तेल शेंगदाण्याचं. सिंधुदुर्गात आणि गोव्यात खोबरेलात तळलेला बांगडा मी आवडीने खाल्ला आहे, त्या चवीला तोड नाही. पण घाण्याचं खोबरेल लवकर धुरकटतं, आणि बोंबलासाठी मला आच जरा वर ठेवावी लागते, म्हणून शेंगदाणा तेल. रिकामा तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्यायचा, मग पाच चमचे तेल, ते तीन-चार मिलिमीटर उंच राहील इतकं. तेल पसरून लहरी दिसायला लागल्या की रव्याचे चार दाणे टाकून बघायचे. लगेच चुरचुरले आणि नाचायला लागले की तयार. तळाशी जाऊन बसले तर अजून वेळ आहे, आणि टाकताक्षणी काळे पडले तर आच उतरवायची. एकदा उत्सुकतेपोटी घरातल्या स्वयंपाकाच्या थर्मामीटरने मोजलंही. तवा तिरका करून तेल एका कडेला जमवलं आणि काडी बुडवली. दाणे नाचत होते तेव्हा आकडा १७५ ते १८० च्या मधे होता. एकदम पाच मासे सोडल्यावर तो झरझर १४० च्या जवळ आला. तेव्हापासून मी एका घाण्याला तीनच ठेवते, त्यांच्यामध्ये दोन बोटांची जागा सोडून. वाफेला बाहेर पडायला वाट हवी.

मासा सोडताना आपल्यापासून लांबच्या बाजूला झुकवत सोडायचा, म्हणजे तेल अंगावर उडत नाही. आतली, मऊ बाजू आधी खाली. पहिलं मिनिट आच मोठीच ठेवायची, कारण तेल तेव्हाच निवत असतं. मग मध्यम. आणि हात लावायचा नाही. माशाचं मांस तापत्या धातूला सुरुवातीला धरतंच. साल कडक झाली की ते आपोआप सुटतं. अधूनमधून तवा हलवून बघायचा. मासा तेलावर सरकला तर त्याने तवा सोडला आहे. सरकत नसेल तर त्याला ओढायचं नाही.

कानाने जास्त कळतं. मासा पडतो तेव्हा चर्र आवाज मोठा आणि ओला असतो, कडेने बुडबुडे जोरात येतात. ती माशातून निघणारी वाफ. ती बाहेर ढकलत असते तोवर तेल आत शिरू शकत नाही, म्हणून बुडबुडे चांगलेच. हळूहळू आवाज बारीक आणि कोरडा होतो, बुडबुडे विरळ होतात, कडेला तांबूस रेघ चढत जाते. बोंबलाला इथवर यायला चार-पाच मिनिटं लागतात. मग पातळ धारेचं उलथणं पूर्ण खाली सारून, दुसऱ्या हातातल्या चमच्याचा आधार देऊन उलटायचा. दुसरी बाजू तीन-चार मिनिटं. एकदाच उलटायचा. सुरमईचा अर्ध्या इंचाचा तुकडा याहून लवकर होतो, बाजूला तीन-चार मिनिटांत. त्याचं मांस मधल्या काट्याजवळ आरपार न दिसता पांढरं झालं आणि पापुद्रे सुटायला लागले की तो शिजला.

झाकण ठेवायचं नाही. तेल उडतं म्हणून ठेवण्याचा मोह होतो, पण झाकणाखाली वाफेचं पाणी होतं आणि परत माशावर पडतं. मी पिठाची मोठी चाळण उलटी धरते. तेल अडतं, वाफ जाते. दोन घाण्यांमध्ये तव्यातला करपट रवा झाऱ्याने किंवा कागदाच्या बोळ्याने पुसून काढते, चमचाभर नवं तेल घालते आणि ते पुन्हा तापू देते. घाईघाईत दुसरा घाणा गार तेलात पडला की पहिला कितीही चांगला झालेला असो, दुसरा तेलकट होणार.

तेलकटपणाचं एक कारण मला फार उशिरा समजलं, आणि ते समजल्यावर तळलेलं ठेवण्याची माझी पद्धतच बदलली. तळत असताना तेल फारसं आत जात नाही. ते जातं मासा बाहेर काढल्यावर. आतली वाफ निवून आकसते, तिथे पोकळी होते आणि सालीवर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून मासा उचलल्याबरोबर उलथण्यावर तव्याच्या कडेशी तिरका धरून तेल निथळू द्यायचं, गरम असतानाच. मग लगेच जाळीवर. मी पूर्वी जाड कागदावर पसरायचे, तशी अनेक घरांत रीत आहे. पण कागदावर टेकलेल्या बाजूला वाफ कोंडते आणि तीच बाजू पाच मिनिटांत मऊ पडते. आता केक गार करायची तारेची जाळी ताटावर ठेवते. खालून हवा खेळते आणि बोंबील दहा-पंधरा मिनिटं तरी वाजणारा राहतो. एकावर एक तर अजिबात रचायचे नाहीत.

दहा-पंधरा मिनिटंच. त्यामुळे आमच्याकडे बोंबील असले की ताटं आधी वाढली जातात. गरम भात, आमटी किंवा बोंबलाचंच थोडं कालवण, सोलकढी, कांदा आणि लिंबाची फोड. एक घाणा उतरला की तो थेट ताटात. नवरा आणि मी उलथणं एकमेकांच्या हातात देतो. मासे तळणाऱ्या बाईने सगळ्यात शेवटी, गार झालेला तुकडा खावा ही प्रथा मी माझ्या घरात चालू ठेवलेली नाही. तळणाऱ्याने पहिला बोंबील तव्याशेजारीच, फुंकर मारत खावा. मीठ, आच, रवा सगळं त्या पहिल्या घासात कळतं आणि पुढचा घाणा त्यावरून सुधारता येतो.

बाकीच्या माशांना हाच धडा थोडाथोडा लागू पडतो. सुरमई, हलवा, रावस यांना दाबायची गरज नाही. मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायचं, सुटलेलं पाणी फडक्याने टिपायचं, मग मसाला. एवढ्यानेच सालीत फरक पडतो. बांगडा अख्खा तळायचा तर दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा द्याव्यात. त्याला स्वतःचं तेल बरंच असतं, म्हणून तव्यावर कमी घातलं तरी चालतं. बांगड्याच्या बाबतीत मी ताजेपणावर मात्र अडून बसते. तो बर्फाबाहेर फार वेळ राहिला तर त्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही तळलं तरी नष्ट होत नाही. खाणाऱ्याला अंगावर पित्त उठल्यासारखे चट्टे येतात, तोंड लाल होतं, डोकं दुखतं. बाजारात बांगडा उन्हात बर्फाशिवाय पडलेला दिसला की मी पुढे जाते, भाव कितीही उतरलेला असो.

पापलेटाचंही एक सांगते. तव्यात दोन-तीन अख्खी बसतील अशी पिटुकली पापलेटं वाट्यावर मिळतात, स्वस्तही असतात आणि रवा लावून सुरेख होतात. मी ती घेत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटाला राज्यमासा ठरवलं ते त्याची संख्या घटत चालली म्हणूनच. अंडी घालायच्या आधीच पिल्लं उचलली तर पुढे मोठं पापलेट येणार कुठून? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात तेव्हाही आमच्याकडे ताज्या मासळीचा हट्ट नसतो. सुके बोंबील भाजून चटणी होते, आणि नारळी पौर्णिमेनंतर बाजार भरायला लागला की ओले घ्यायला मावशी आहेच.

शेवटी आवरण्याचं. मासा घोळवून उरलेला रवा-पीठ मी पुन्हा डब्यात भरत नाही, त्यात कच्च्या मासळीचा रस गेलेला असतो. म्हणून सुरुवातीलाच थोडं काढायचं आणि लागेल तसं वाढवायचं. तव्यात जे चमचा-दीड चमचा तेल उरतं ते कागदाने पुसून टाकते. व्यवसायात वापरल्या जाणाऱ्या तळणीच्या तेलासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून मर्यादा घातली आहे, की त्यातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने बिघडून तयार होणारी द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल वापरायचं नाही. घरात हे मोजायला काही साधन नसतं. तव्यावर तळलं की पुन्हा वापरण्याइतकं तेल उरतच नाही, त्यामुळे मोजण्याचा प्रश्नही येत नाही. बिडाचा तवा साबणाने घासत नाही. कोमट असतानाच पीठ टाकून पुसते, गरम पाण्याने धुते, आचेवर कोरडा करते आणि तेलाचं बोट फिरवते. बोंबील उरले, आणि ते क्वचितच उरतात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या तव्यावर मंद आचेवर ठेवायचे, दोन्ही बाजूंनी, तेलाशिवाय. मायक्रोवेव्हमध्ये आतलं पाणी पुन्हा सालीत येतं. तव्यावर ते बाहेर निघून जातं आणि तांदळाच्या भाकरीबरोबर खाण्याइतका कुरकुरीतपणा परत येतो.